उठवलेला मासा

अर्डिस ब्रेकी मासे धरायला शिकली ती सूड घ्यायचा म्हणून. त्या वेळी तिनं पन्नाशी ओलांडली होती, तिला पोहता येत नव्हतं आणि गार पाण्याचा लहानपणापासून तिटकारा होता. तिचं माहेर पूर्वेकडचं, कोरड्या गव्हाच्या मुलखातलं. तिकडे पाणी म्हणजे पवनचक्कीखालची टाकी. मायलो ब्रेकीशी लग्न करून ती बर्डेटला आली, लॉस्ट मेअर नदी तिनं एकदा पुलावरून पाहिली, "बरी आहे," म्हणाली, आणि मग सगळा संसार त्या नदीकडे पाठ करून केला.

मायलोचं अगदी उलट. लाकडाच्या गिरणीचा भोंगा झाला की त्याची पावलं घराकडे वळायचीच नाहीत. रबरी बूट गाडीत, गळाची काठी गाडीत आणि शेजारी कॉर्विन स्टॅडलर. इकडे जेवण गारढोण व्हायचं. अर्डिस भांडी आदळायची, पण मायलो कंबरेपर्यंत भिजून हसत दारात उभा राहिला की तिचा राग टिकायचा नाही.

"नदी म्हणजे तुझी सवत आहे बघ," कॅफेवाली लवॉन तिला चिडवायची.

"सवत परवडली असती," अर्डिस म्हणायची. "तिच्या अंगाला माशाचा वास तरी आला नसता."

कॉर्विनचं गावात गळ-दोऱ्याचं दुकान होतं. बाहेरच्या गिऱ्हाइकांना नदीवर नेऊन मासे मिळवून द्यायचे हा त्याचा खरा धंदा. बोलायला गोड. गिऱ्हाइकाला मासा लागला तर तो कॉर्विनमुळे, निसटला तर गिऱ्हाइकामुळे. एवढं सोडलं तर माणूस मनानं चांगला आहे असं मायलो सांगायचा. माणसांच्या बाबतीत मायलोचा अंदाज कधी बरोबर आल्याचं कुणाला आठवत नाही.

आमची नदी कुणाच्या खिजगणतीत नाही. नावाजलेली नदी इथून दोन तासांवर आहे. शहरातली माणसं विमानानं तिथे उतरतात आणि एकमेकांच्या टोप्यांत गळ अडकवतात. लॉस्ट मेअरला यायचं तर कच्च्या रस्त्यानं गाडीचे सांधे खिळखिळे होतात, आणि तळ म्हणाल तर सगळा गोल गोट्यांचा, साबण चोळून ठेवल्यासारखा. वसंतात डोंगरावरचा बर्फ वितळला की नदी गढूळ होऊन दगड लोटत येते, जुलैत निवळते, आणि मागच्या वर्षी जिथे डोह होता तिथे या वर्षी गुडघाभर पाणी. ट्राउट मासे आहेत, पण उपाशी आणि महा बेरकी. पिसांची नि केसांची माशी बांधलेला गळ पाण्यावरून नेमका त्यांच्या नाकासमोरून गेला तर वर येतात, नाहीतर ढुंकून बघत नाहीत.

गर्दी नाही, पहारा नाही, म्हणून नियम मात्र कडक. ते कुठे लिहिलेले नाहीत. पहिला असा, की डोहात जो उभा आहे त्याचा तो डोह. तो आपणहून बाहेर येईपर्यंत दुसऱ्यानं पाण्यात पाय घालायचा नाही, मग त्याला अर्धा दिवस लागो. दुसरा नियम उठवलेल्या माशाचा. एखादा मोठा मासा तुमच्या माशीवर उठला आणि गळ लागला नाही, तर तुम्ही लवॉनच्या कॅफेत यायचं आणि मोठ्या टेबलाशी सगळ्यांसमोर सांगायचं, अमुक ठिकाणचा मासा मी उठवला आहे. तेव्हापासून तो तुमचा. तुम्ही धरेपर्यंत किंवा "सोडला" म्हणेपर्यंत त्या जागी दुसरं कुणी दोरी टाकत नाही. बायका पळवल्याच्या गोष्टी बर्डेटमध्ये झाल्या आहेत आणि लोक त्या विसरलेही आहेत. उठवलेला मासा पळवल्याची गोष्ट झालेली नाही, असं सगळे मानून चालले होते.

मायलोचं छातीचं दुखणं वाढत चाललं होतं त्या वर्षीची गोष्ट. गिरणीतला भुसा फुप्फुसात गेलेला. उन्हाळ्याच्या शेवटी तो कसाबसा नदीवर गेला आणि तुटक्या पुलाच्या वरच्या अंगाला एका खडकाखाली त्यानं एक मासा उठवला. घरी आला तो धापा टाकत, ओठ निळे, पण डोळे असे की अर्डिसला लग्नाच्या वेळचा मायलो आठवला.

"अगं, हातभर! तोंड उघडलं तेव्हा माझी मूठ गेली असती आत. दोन दिवसांत जरा दम परत येऊ दे, मग बघतो त्याच्याकडे."

दम काही परत आला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो अंथरुणाला खिळला. कॉर्विन भेटायला आला तेव्हा मायलोनं त्याला जागा सांगितली, मासा सांगितला आणि म्हणाला, "कॅफेत माझ्या वतीनं तू सांग बाबा. मला तिथवर जाववत नाही."

"सांगतो की," कॉर्विन म्हणाला. अर्डिस तेव्हा दारात सूपचा वाडगा घेऊन उभी होती. तिनं दोन्ही कानांनी ऐकलं.

कॉर्विननं सांगितलं नाही. थोड्या दिवसांनी तालुक्याच्या पेपरात त्याचा फोटो आला. दोन्ही हातांत तो मासा, हातभर लांब, आणि चेहऱ्यावर देवळातल्या पुजाऱ्याचं समाधान. मासा पेंढा भरून त्याच्या दुकानात भिंतीवर चढला, खाली पितळेच्या पट्टीवर कॉर्विनचं नाव. त्या फोटोवर त्याला पुढे कितीतरी गिऱ्हाइकं मिळाली.

मायलोनं पेपर बराच वेळ पाहिला. "विसरला असेल," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे वळून पडला. थंडी संपायच्या आत तो गेला. शेवटपर्यंत त्यानं माशांबद्दल पुन्हा शब्द काढला नाही, आणि मायलो माशांबद्दल बोलत नाही म्हणजे काय हे ज्यानं त्याला ओळखलं नाही त्याला कळणार नाही.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात सगळे बटाट्याचं सॅलड खात उभे असताना अर्डिसनं ते बोलून दाखवलं. "तो मासा मायलोचा होता. यानं तो चोरला."

कॉर्विननं हातातली प्लेट खाली ठेवली, जवळ आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बाकीच्यांना म्हणाला, "दुःखानं बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही. मायलोनं मला कधीच काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्या खडकाकडे फिरकलो असतो का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. लवॉननंसुद्धा. तो 'बिचारी' शब्द अर्डिसच्या जिव्हारी लागला. चोरी तिनं कदाचित कालांतरानं गिळली असती. पण आपण खोट्या ठरलो, मायलोच्या नावावर एक मासा राहायचा तोही राहिला नाही, आणि वर चोरानं आपल्या खांद्यावर थोपटलं, हे तिला गिळता येईना. तिनं त्याच तळघरात मनाशी ठरवलं, हे या माणसाच्या तोंडूनच वदवून घ्यायचं, याच लोकांसमोर. त्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं मायलोचे बूट काढले, पुढे दोन दोन मोजे कोंबले आणि नदीवर गेली. पहिल्याच दिवशी गोट्यावरून पाय सरकून ती बसली ती थेट छातीइतक्या पाण्यात. घराशेजारच्या कुरणात बादली ठेवून ती दोरी फेकायला शिकली. एकदा गळ स्वतःच्याच कानाच्या पाळीत घुसला, तो लवॉननं पकडीनं काढला. लोकांना मोठं कौतुक. नवऱ्याची आठवण जपतेय म्हणाले. अर्डिसनं त्यांना खुशाल तसं समजू दिलं.

हिवाळ्यात ती शाळेची बस चालवायची, उन्हाळा सगळा मोकळा. कॉर्विनचा धंदा उन्हाळ्याचाच. हात जरा बसल्यावर तिनं सुरुवात केली. उद्या तो गिऱ्हाइकांना कुठे नेणार हे गावात सगळ्यांनाच ठाऊक असायचं, कारण कॉर्विनच्या पोटात काही राहत नसे, त्याला सोयीचं तेवढं सोडून. तो गिऱ्हाइकं घेऊन पोचायचा तेव्हा अर्डिसचा खटारा पिकअप तिथे आधीच लागलेला असायचा आणि डोहाच्या बरोबर मध्यावर अर्डिस. हळूहळू, एकेक वीत पुढे सरकत, जणू जगात दुसरं काम नाही.

"अर्डिस, किती वेळ लागेल गं तुला?" काठावरून कॉर्विन विचारायचा.

"लागेल तेवढा."

"पाहुणे आहेत माझ्याबरोबर."

"दिसतायत ना. काय झकपक कपडे घातलेत! बसव त्यांना सावलीत."

"दुसरीकडे जा की बाई. एवढी मोठी नदी आहे."

"तू जा. मी आधी आले."

एकदा त्याचा संयम सुटला. गिऱ्हाइकांना गाडीत बसवून तो काठावर परत आला. "मी तुझं काय घोडं मारलंय? दरवर्षी हेच? माझी चूल बंद करायचीय का तुला?"

"मासा कुणाचा होता?"

"परत तेच!"

"परत तेच. कॅफेत जाऊन सांग, आत्ता बाहेर येते."

कॉर्विन पाण्यात थुंकला आणि गेला. तो कॅफेत काय सांगायचा ते अर्डिसला कळायचं. 'बिचारी' आता 'वेडी' झाली होती. पण नियम नियम होता. डोहात उभ्या असलेल्या वेड्या बाईलाही कुणी बाहेर काढू शकत नव्हतं. गिऱ्हाइकं एकदा रिकाम्या हातांनी परत गेली, दोनदा गेली, तिसऱ्यांदा ती त्या नावाजलेल्या नदीवर जाऊ लागली. कॉर्विनच्या दुकानातला पोऱ्या गेला, मग दुकानाचा रंग गेला.

"सोड ना गं आता," लवॉन म्हणायची. "दहा वर्षं झाली. त्याचंही वय झालं."

"मायलोचं झालं नाही," अर्डिस म्हणायची.

खरं सांगायचं तर कधी कधी एखाद्या सकाळी पाणी चांगलं असायचं, मासे उठत असायचे, आणि तासभर तिला कॉर्विनची आठवणच यायची नाही. मग एकदम ध्यानात यायचं आणि ती स्वतःवरच चिडायची, चुलीवर दूध ठेवून विसरल्यासारखी. वैर हेही रोज लक्ष देण्याचं काम आहे.

यंदाच्या जुलैत कॉर्विननं एक मासा उठवला. पडलेल्या कॉटनवुडच्या झाडाखाली, जिथे काठ आतून पोखरला आहे तिथे. बरोबर एकुलतं एक गिऱ्हाईक होतं, त्यानंही पाहिला. कॉर्विन तसाच ओल्या बुटांनी कॅफेत शिरला आणि मोठ्या टेबलाशी उभं राहून त्यानं सांगितलं. मासा सांगताना त्याचे हात फाकत गेले. भिंतीवरच्यापेक्षा मोठा म्हणाला. हा मिळाला की पुन्हा पेपरात फोटो, पुन्हा गिऱ्हाइकं, आणि मग अर्डिस ब्रेकीनं वाटल्यास सगळ्या डोहांत मुक्काम ठोकावा.

आठवड्यानं त्याच झाडाकडे जाताना तो गोट्यावरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. बिलिंग्ज शहरात नेऊन ऑपरेशन झालं. तिथून निरोप आला की बर्फ पडायच्या आत मी येतो, माझ्या माशाकडे लक्ष असू द्या. गावानं खरंच लक्ष दिलं. उन्हाळाभर त्या झाडाच्या आसपास कुणी दोरी टाकली नाही. म्हातारा एनोक तर तिथून जाताना लांबच्या वाटेनं जायचा, मासा बिचकू नये म्हणून.

अर्डिस वाट पाहत राहिली. कॉर्विन इतकी वर्षं का बोलला नाही हे तिला आता उमगलं होतं. त्याचा धंदा बुडाला तेव्हा तो तिला वेडी म्हणू शकत होता. त्याचं स्वतःचं काही चोरीला गेलेलं नव्हतं. चोरी झालेला माणूस कसा ओरडतो, काय काय बोलून जातो, हे चर्चच्या तळघरात तिनं स्वतःवरूनच पाहिलं होतं.

कॉर्विन वॉकर धरून गावात परतला त्या आठवड्यातच ती पडलेल्या झाडाकडे गेली. सप्टेंबरचा ढगाळ दिवस, वाऱ्यानं काठावरच्या गवतातले टोळ पाण्यात पडत होते. तिनं टोळासारखी माशी बांधली. गुडघाभर पाण्यात प्रवाहाच्या खालच्या बाजूनं वाकून गेली आणि झाडाच्या खोडालगत माशी टाकली. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा पाणी नुसतं फुगल्यासारखं झालं आणि माशी नाहीशी झाली. मासा प्रवाहाबरोबर खाली सुटला, ती त्याच्या मागे गोट्यांवरून ठेचकाळत, पडत, उठत गेली. हात भरून आले. उथळ पाण्यात तो आडवा झाला तेव्हा ती त्याच्याकडे बघत राहिली. पिवळं पोट, तांबडे ठिपके, जबडा पुढून वळलेला. त्याचा काही अपराध नव्हता. तिला त्याची कीव आली. कायद्यानं एक मासा नेता येतो. तिनं दगड उचलला.

रविवारी चर्च सुटल्यावर लवॉनच्या कॅफेत पाय ठेवायला जागा नसते. मोठ्या टेबलाशी कॉर्विन बसला होता, वॉकर भिंतीला टेकवलेला, सभोवती माणसं आणि गप्पा त्याच्याच माशाच्या. अर्डिस आत आली. ओलं गोणपाट तिनं मॅपलच्या पाकाची बाटली आणि कपांच्या मधोमध ठेवलं आणि उलगडलं.

मग एनोक खुर्चीतून अर्धवट उठला. "अर्डिस, हा... हा झाडाखालचा?"

"हो, तोच."

"अगं, तो कॉर्विननं उठवलेला!"

"ऐकून होते मी."

"आणि तरी धरलास?" लवॉनच्या हातात कॉफीचं भांडं होतं, ते तसंच राहिलं. "माणसाला धड चालता येत नाही आणि तू... तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती गं."

"लाज वाटायला पाहिजे," मागून कुणीतरी म्हणालं. आणखी एक-दोन आवाज उठले. अर्डिस हाताची घडी घालून उभी होती. ती कॉर्विनकडे बघत होती, बाकी कुणाकडेच नाही.

कॉर्विनचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. टेबलाची कड धरून तो उभा राहिला. "चोरटी! या टेबलाशी, सगळ्यांसमोर सांगितलं होतं मी! माझा मासा होता तो! मी अंथरुणात पडलेलो, हलता येत नाही, आणि ही सटवी..."

"अंथरुणातल्या माणसाचा मासा धरत नाहीत, नाही का रे?" अर्डिसनं विचारलं. आवाज अगदी साधा, मीठ मागावं तसा.

"नाही धरत! कुणी माणसाची जात असेल तर नाही धरत!"

"मग तू कसा धरलास?"

"ते वेगळं होतं!" कॉर्विननं टेबलावर मूठ आपटली, कप नाचले. "मी बरा होऊन येणार होतो! मायलो उठणारच नव्हता, शेंबड्या पोरालाही दिसत होतं! मायलोच्या माशाचं मायलो काय करणार होता? आज ना उद्या कुणीतरी धरलाच असता..."

तो थांबला. पण वाक्य बाहेर पडून गेलं होतं आणि कॅफेभर बसलं होतं. स्वयंपाकघरात तव्यावर सॉसेज तडतडत होते, ते सगळ्यांना ऐकू आलं.

एनोकनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हणजे मायलोनं तुला सांगितलं होतं."

"तो काहीतरी बोलला होता... जाता जाता..." कॉर्विन खाली बसला. "एवढं माझ्या लक्षात..."

"आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस."

कॉर्विन कपात बघू लागला. कप रिकामा होता. लवॉन त्याला ओतायला म्हणूनच आली होती. ती भांडं घेऊन वळली आणि पलीकडच्या टेबलाकडे निघून गेली. मग एकेकानं अर्डिसकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली, कारण चर्चच्या तळघरात मान डोलावलेल्यांपैकी बरेच तिथे होते.

सूड घेऊन मन शांत होत नाही, असं लोक सांगतात. सांगणाऱ्यांनी तो कधी घेतलेला नसतो. अर्डिसच्या छातीवरून काहीतरी मोठं उतरलं आणि तिला फार बरं वाटलं. ती खुर्ची ओढून कॉर्विनच्या समोर बसली.

"लवॉन, तव्यावर जागा आहे का गं? हा तळून आण. मक्याचं पीठ लाव आणि बेकनच्या चरबीत तळ. सगळ्यांना घासघास पुरेल."

लवॉननं मासा उचलला. काही वेळानं ताटल्या आल्या, टेबलाटेबलावर फिरल्या, आणि माणसं खाली माना घालून खाऊ लागली. मोठ्या टेबलाची शेवटची ताटली अर्डिसनं स्वतः उचलून कॉर्विनच्या पुढ्यात सरकवली. पोटाकडचा चांगला तुकडा होता.

"खा," ती म्हणाली. "तुझाच आहे."

त्यानं वॉकरकडे पाहिलं. तो भिंतीशी होता, आणि तो उचलून द्यायला कुणी उठेना. सगळे बघत होते. त्यानं काटा उचलला. अर्डिसनं कॉफी मागवली आणि त्याची ताटली रिकामी होईपर्यंत ती समोरून हलली नाही.